दोन पाण्यांत छापा तडकला? फुकटच्या तपासणीपासून भट्टीपर्यंत

गणपती बसायच्या आधी जळगावात टी-शर्ट छापणाऱ्याला जेवायला सवड नसते, आणि विसर्जनानंतरचे पंधरा दिवस तक्रारी ऐकण्यात जातात. पिशवीतून चुरगळलेला टी-शर्ट निघतो, काउंटरवर पसरला जातो आणि वाक्य ठरलेलं असतं: "भो, दोन पाणीमा रंग निंघी गया!" इतकी वर्षं हेच काम करताना मी स्वतः बिघडवलेले टी-शर्ट पाहिलेत, दुसऱ्यांनी बिघडवलेलेही पाहिलेत. त्यामुळे रंग कोणी छापला हे विचारण्याआधी तो कसा गेलाय ते बघायची सवय लागली. मंडळासाठी, टीमसाठी, शाळेच्या गॅदरिंगसाठी टी-शर्ट करून घेणाऱ्यांना आणि नव्याने टेबल टाकलेल्या पोरांना, दोघांनाही हे उपयोगी पडेल.

आधी लक्षण ओळखा

- छाप्यावर काळ्या मातीला उन्हाळ्यात पडतात तशा भेगा. टी-शर्ट ताणला की त्या रुंदावतात, सोडला की मिटतात. बहुतेक वेळा शाई कच्ची राहिलेली असते, म्हणजे उष्णतेने पूर्ण पिकलेली नसते. क्वचित थर गरजेपेक्षा जाड असतो.
- पापुद्रे सुटून बादलीत तरंगतात. कच्च्या शाईचीच ही पुढची पायरी. किंवा ते स्क्रीन प्रिंटिंग नव्हतंच, वरून दाबून चिकटवलेली फिल्म होती.
- वरचा थर निघतो, खालचा तसाच राहतो. पहिला थर फ्लॅशखाली (दोन थरांच्या मध्ये शाई सुकवणाऱ्या हीटरखाली) जास्त वेळ ठेवला गेला, म्हणून दुसरा त्याला धरला नाही.
- रंग जागेवर आहे, पण धूसर, पांढरट दिसतो. ओलं बोट फिरवलं की तेवढ्यापुरता गडद होतो. इथे शाईचा दोष नसतो. कापडाची लव छाप्यातून वर आलेली असते.
- पांढऱ्याचा गुलाबी झाला. कापड लाल किंवा मरून पॉलिएस्टरचं असणार.
- छापा पापडासारखा वेडावाकडा झाला. कापड आटलं, शाई आटली नाही.
- घासल्यावर रंग दुसऱ्या कपड्याला लागतो.
- घडी उघडताना छापा छाप्याला चिकटतो, चर्र आवाज होतो.

एकाच टी-शर्टवर दोन-तीन लक्षणं असतील तर आधी कापडाचं बघा, शाईचं मागून.

सगळ्यांचा गेला की काहींचाच?

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त सांगून जाते, तरी कोणी करत नाही. ५० पैकी एकाच टी-शर्टचा छापा गेला असेल तर कारण त्या घरच्या मोरीत शोधा. सगळ्यांचा गेला असेल तर ते छापणाऱ्याच्या टेबलावर आहे. आणि काहींचाच गेला असेल तर त्या काहींमध्ये समान काय, ते शोधा: साइझ, रंग, की छापण्याचा क्रम.

माझीच फजिती सांगतो. एका मंडळाचे १२० काळे टी-शर्ट, छातीवर पांढरा गणपती. विसर्जनानंतर आठवड्याभरात अकरा पीस परत आले, सगळे एक्सएल. मी म्हटलं, धिप्पाड पोरं आहेत, अंगावर ताण पडतोय, छापा तडकणारच. मंडळाचा अध्यक्ष स्वतः एक्सएलवाला होता. तो काही बोलला नाही, फक्त स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. घरी येऊन वही काढली. मीडियम सकाळी छापलेले, लार्ज दुपारी, एक्सएल सगळ्यात शेवटी, संध्याकाळी सात ते दहा. त्या वेळेला आमच्या गल्लीत बल्ब पिवळे पडतात. व्होल्टेज पडलेलं होतं आणि शाई पिकवणारा हीटर नावापुरता तापत होता. पोटांचा काही संबंध नव्हता. तेव्हापासून प्रत्येक गठ्ठ्यावर छापल्याची वेळ लिहितो.

छापून घेणाऱ्यांनीही पीस ताब्यात घेताना साइझवार गठ्ठे वेगळे ठेवावेत. पुढे शोध घ्यायची वेळ आली तर एवढं पुरतं.

धुतला कसा?

हा प्रश्न विचारला की गिऱ्हाईक चिडतं, कारण आपण दोष त्याच्यावर ढकलतोय असं वाटतं. पण विचारावाच लागतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत घालायला ग्रुपचे टी-शर्ट करून नेतात. केळीचा चीक कापडाला लागला की तपकिरी-काळा डाग पडतो, आणि तो सहज निघत नाही हे तिकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. मग ब्लीच ओतलं जातं, प्लास्टिकचा ब्रश चालतो, कपडा दगडावर आपटला जातो. डाग राहतो, छापा जातो. असा टी-शर्ट माझ्याकडे आला की मी आधी डाग शोधतो. डागाच्या भोवतीच छापा गेलेला असेल तर बोलायला काही उरत नाही.

नीट धुणं म्हणजे एवढंच: टी-शर्ट उलटा करायचा, साधं गार पाणी, छाप्यावर ब्रश नाही, ब्लीच नाही. पत्र्यावर छापा वर करून वाळत घालायचा नाही. इस्त्री उलट्या बाजूने, आणि छाप्यावर थेट तर कधीच नाही. प्लास्टिसोल शाई (प्लास्टिकची, टी-शर्टवर नेहमी वापरतात ती) गरम इस्त्रीने पुन्हा वितळते आणि इस्त्रीच्या तव्याला चिकटून येते. पाण्यावरच्या शाईने छापलेला असेल तर छापल्यावर निदान तीन-चार दिवस पाण्यात घालू नका.

असं धुऊनही छापा जात असेल तर पुढे चला.

बोट, ताण आणि उजेड

टी-शर्ट उलटा करा आणि छाप्याची मागची बाजू बघा. शाई धाग्यात शिरली असेल तर मागे पुसटशी छाया दिसते. पुढे गुळगुळीत, चकचकीत, सगळीकडे एकसारख्या जाडीचा छापा, मागे काहीच नाही आणि नखाने कडा उचलली जाते, असं असेल तर ते डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर दाबलेलं) किंवा व्हायनल (कापून चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म) असण्याची शक्यता जास्त. ते वाईटच असतं असं नाही. पाच-दहा पीस करायचे तर तेच परवडतं. पण स्क्रीन प्रिंटचे पैसे घेऊन फिल्म चिकटवून देणारे आहेत. हात लावून काहीच जाणवत नसेल आणि कापड पांढरं किंवा फिकट पॉलिएस्टर असेल तर ते सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यातच उतरवलेला. त्याला तडा जात नाही, कारण वर थरच नसतो.

मग ताण द्या. छाप्याच्या दोन्ही बाजूंना धरून टी-शर्ट आडवा ताणायचा, अंगात घालताना ताणतो त्याच्या थोडा पुढे. पिकलेली शाई कापडाबरोबर लांबते आणि परत येते. कच्ची शाई तडकते आणि खालचं कापड दिसतं. फार जोर लावू नका. कापड फाटेपर्यंत ओढलं तर चांगला छापाही तडकतो आणि भांडण उगाच वाढतं.

नंतर छापा उजेडासमोर धरा. काळ्यावरच्या पांढऱ्यातून कापड डोकावत असेल तर थर पातळ बसलाय. बोल्टिंग, म्हणजे स्क्रीनची जाळी, बारीक वापरलं असेल तर असं होतं. काळ्यावर पांढरं छापायला ४३ टी, म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे, असं मोकळं बोल्टिंग लागतं. ७७ टी मधून उतरलेला पांढरा पहिल्या दिवशीच राखाडी दिसतो. टिकला तरी दिसायला मरतुकडाच राहतो.

पांढरा रुमाल

कोरडा पांढरा सुती रुमाल बोटाला गुंडाळा आणि छाप्यावर दहा वेळा पुढे-मागे घासा. मग रुमालाची दुसरी बाजू ओली करून पिळा आणि तेच करा. ओल्यावर किंचित छटा येणं चालतं, कोरड्यावर यायला नको. प्रयोगशाळेतही मूळ चाचणी हीच असते. तिथे यंत्राचं बोट घासतं आणि लागलेला रंग करड्या पट्टीवर ताडून १ ते ५ गुण देतात, ५ सगळ्यात चांगला.

ही तपासणी पाण्यावरच्या पिगमेंट शाईसाठी जास्त महत्त्वाची. त्या शाईत रंगाला कापडाशी धरून ठेवतो तो बाइंडर. गडद लाल, गडद निळा हवा म्हणून रंग वाढवला आणि बाइंडर तेवढाच ठेवला, तर जादाचे कण कापडावर नुसते बसून राहतात आणि घासल्यावर निघतात. शाई घट्ट झाली म्हणून पाणी ओतलं तरी तेच. आणि फिक्सर (रंग पक्का करणारं रसायन) मिसळलेली शाई उरवून दुसऱ्या दिवशी वापरणारे महाभाग मी पाहिलेत. डब्यात ती हळूहळू जमू लागलेली असते. कापडावर ती नीट धरणार कशी?

सराफाचा काटा आणि काडीपेटी

पुरवठादार १८० जीएसएम (कापडाचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) सांगतो आणि १५० देतो, हा जुना खेळ. आपल्याकडे याचं औषध सोपं आहे. खराब झालेल्या टी-शर्टमधून पट्टीने मोजून १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवा. सोनं तोलणारा काटा दशांश ग्रॅमही चुकत नाही. वजनाला १०० ने गुणा: १.८ ग्रॅम म्हणजे १८० जीएसएम, १.५ म्हणजे १५०. मी पहिल्यांदा चिंधी घेऊन सराफ बाजारात गेलो तेव्हा तो हसला होता. आता मला बघितलं की स्वतःच हात पुढे करतो.

छाप्याच्या टिकाऊपणात वजनाचा वाटा असतो, कारण विरळ कापड जास्त ताणलं जातं आणि त्यावरची शाईही तेवढीच ताणली जाते. पण नुसत्या वजनावर जाऊ नका. कोम्ब्ड (विंचरून आखूड तंतू काढलेल्या) धाग्याचं, बायोवॉश केलेलं १८० चं कापड साध्या २०० पेक्षा छाप्याला बरं. बायोवॉशमध्ये एन्झाइमने वरची लव खाऊन टाकलेली असते. ती राहिली तर तिसऱ्या-चौथ्या पाण्यात उभी राहते आणि छापा बुरसटल्यासारखा दिसतो. गंमत अशी की कापूस आपल्या शेतातला, जिनिंग आपल्याकडचं, आणि टी-शर्ट मात्र तामिळनाडूतल्या तिरुपूरहून ट्रान्सपोर्टने मागवायचा.

भेसळ बघायला कापडाचाच एक धागा, शिवणीचा दोरा नव्हे, चिमट्यात धरून काडी लावा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. दोन्ही झालं तर मिक्स. शंभर टक्के कॉटन म्हणून दिलेल्यात मणी निघाला तर पुढचा सगळा हिशेब बदलतो, कारण पॉलिएस्टरचा रंग भट्टीच्या उष्णतेने सुटून शाईत चढतो. लालवरचा पांढरा गुलाबी होतो तो असा, आणि कधी कधी छापल्या दिवशी न होता गठ्ठा बांधून ठेवल्यावर दोन-चार दिवसांनी होतो. त्यावर लो-ब्लीड (कापडाचा रंग वर चढू न देणारी) शाई आणि कमी तापमानाला पिकणारी शाई एवढाच उपाय. एकदा गुलाबी झालेला परत पांढरा होत नाही, वेळ घालवू नका.

एक पीस बळी द्या

मोठी ऑर्डर असेल तर छापणाऱ्याकडून एक पीस जास्तीचा घ्या आणि बाकीचे उचलण्याआधी तो पाच वेळा धुवा, दर वेळी पूर्ण वाळवून. धुण्याआधी टाक्याच्या दोऱ्याने कापडावर बरोबर ५० सेंटिमीटरवर दोन खुणा घाला, एक उभी जोडी, एक आडवी. पाच पाण्यांनंतर अंतर ४७ भरलं तर कापड ६ टक्के आटलं. असल्या कापडावर छापा कितीही चांगला असला तरी गोळा होणार. बाजूची शिवण फिरून पोटावर येतेय का तेही बघा. सगळ्या तपासण्या एकीकडे आणि ही एकीकडे. हिला फसवता येत नाही.

नेलपॉलिश रिमूव्हर

ही फक्त प्लास्टिसोलसाठी, आणि खराब झालेल्या पीसवरच करा. खरं तर इथाइल ॲसिटेट वापरतात, ते नसेल तर नेलपॉलिश रिमूव्हर. छाप्याच्या कोपऱ्यावर दोन-चार थेंब टाका, वर पांढरं सुती कापड ठेवून मिनिटभर दाबा आणि उचला. रंगाचा ठसा उतरला किंवा छापा मऊ होऊन कापडाला चिकटून आला, तर शाई पिकलेली नाही. किंचित छटा आली तर मनावर घेऊ नका, विशेषतः रिमूव्हर ॲसिटोनचा असेल तर. खिडकी उघडी ठेवा, विडी-सिगारेट लांब.

आता भट्टी

इथून पुढचं छापणाऱ्यांसाठी. माझ्यापर्यंत आलेल्या भेगाळ छाप्यांपैकी बहुतेकांचं मूळ इथे सापडलं, आणि बहुतेक वेळा शाई बदलून झालेली होती.

प्लास्टिसोल म्हणजे ज्या पीव्हीसीचे पाइप आपल्या एमआयडीसीत निघतात त्याचीच बारीक भुकटी, तेलकट प्लास्टिसायझरमध्ये कालवलेली. ती वाळत नाही. महिनाभर उघडी ठेवली तरी ओलीच. तापल्यावर भुकटी प्लास्टिसायझर पिते, फुगते आणि शेवटी सगळं एकजीव होतं. त्याला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात, आणि तेही वरच्या पृष्ठभागाला पुरत नाहीत. कापडाला टेकलेल्या तळापर्यंत पोहोचावे लागतात. घाईत काढलेली बट्टी जशी वरून तांबूस आणि फोडली की आत कच्चं पीठ, तसाच हा छापा: बोटाला कोरडा, तळाशी कच्चा. पहिल्या पाण्यात टिकतो, दुसऱ्यात चिरतो. कमी तापमानाच्या शाया वेगळ्या मिळतात. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, शेजारच्याने सांगितलं म्हणून सेटिंग ठेवू नका.

उष्णता कमी का पडते? पहिलं कारण व्होल्टेज. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १९० आले तर उष्णता जवळपास दोन तृतीयांशच उरते. थर्मोस्टॅट असेल तर मशीन कसंबसं तापमान गाठतं, पण प्रत्येक पीसनंतर सावरायला जास्त वेळ घेतं, आणि आपण ठोक्याला पीस टाकत राहतो. साधं व्होल्टमीटर भिंतीला लावा.

दुसरं कारण पाऊस. सुती कापड हवेतला ओलावा ओढतं. श्रावण-भाद्रपदात गोणीतून काढलेला टी-शर्ट हाताला कोरडा लागतो, पण त्यातलं पाणी उडून जाईपर्यंत कापडाचं तापमान शंभराच्या पुढे जायला तयार नसतं. मे महिन्यात जे सेटिंग बिनचूक चाललं तेच गणपतीच्या ऑर्डरला कमी पडतं. मशीन तेच, शाई तीच, हात तेच. आधी पीस नुसता पाच-सात सेकंद हीट प्रेसखाली (तापलेल्या पाटाने दाबणाऱ्या मशीनखाली) धरा, वाफ निघू द्या, मग छापा. बेल्टवाली क्युरिंग मशीन असेल तर बेल्ट हळू करा.

तिसरं कारण आपल्या उन्हावरचा विश्वास. भुसावळला पारा ४५ च्या वर जातो म्हणून पाण्यावरच्या शाईचे टी-शर्ट दोरीवर टांगले की काम झालं असं समजणारे आहेत. उन्हाने पाणी उडतं. बाइंडर जुळायला साधारण १५० अंश काही मिनिटं हवेत, किंवा हवेवर पिकणारा खास बाइंडर आणि वर दोन-तीन दिवसांची उसंत.

तापमान मोजायला बंदुकीसारखा थर्मामीटर सगळेच घेतात. तो शाईचा वरचा पृष्ठभाग दाखवतो, तळाचं काही सांगत नाही. रंग बदलणाऱ्या चिकटपट्ट्या मिळतात. छाप्याशेजारी कापडावर चिकटवून पीस भट्टीतून काढा. सकाळी एक, दुपारी एक, आणि बल्ब पिवळे पडल्यावर एक.

न धुतलेले किंवा एकदाच धुतलेले पीस कच्चे सापडले तर वाचतात. कापड कॉटन असेल तर छाप्यावर टेफ्लॉन शीट ठेवून हीट प्रेसवर १६० अंशांना, हलक्या दाबाने, पंधरा-वीस सेकंद. गार झाल्यावर पुन्हा ताणून बघा. चिरा पडून पापुद्रे सुटायला लागलेले असतील तर ते जोडले जात नाहीत. नवीन पीस छापून द्या.

इथे थांबा

हीटरची कॉइल, थर्मोस्टॅट किंवा कंट्रोल पॅनल स्वतः उघडू नका. सेट केलेलं आणि पट्टीवर दिसलेलं तापमान यात दहा-पंधरा अंशांहून जास्त फरक सारखा येत असेल, प्रेसच्या एका कोपऱ्यात छापा पिकतो आणि दुसऱ्यात नाही, वायर जळल्याचा वास येतो, यातलं काहीही असेल तर मेन स्विच बंद करा आणि मशीनचा मेकॅनिक बोलवा.

छापून घेणाऱ्यांनी रिमूव्हरच्या तपासणीपाशी थांबावं. घरी इस्त्री फिरवून कच्चा छापा पिकवायच्या भानगडीत पडू नका. तापमान कळत नाही आणि प्लास्टिसोल इस्त्रीला चिकटते. छापणाऱ्याकडेच न्या.

शाळेची किंवा कंपनीची मोठी ऑर्डर असेल, वाद पैशांवर आला असेल, किंवा माल बाहेरदेशी जाणार असेल, तर रुमालाच्या पुराव्यावर कोणी ऐकत नाही. १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या वस्त्रोद्योग समितीच्या प्रयोगशाळा आहेत, मुंबईत आणि तिरुपूरलाही. घासण्याच्या आणि धुण्याच्या पक्केपणाचा लेखी अहवाल तिथे मिळतो. लहान मुलांचे कपडे असतील तर थॅलेटमुक्त (प्लास्टिक मऊ करणारं ते रसायन नसलेली) शाई आधीच ठरवून घ्या. डोळ्याने ते कळायचा कुठलाही मार्ग नाही.

आणि कोणाकडेही जाताना दोन पीस न्या: एक गेलेला, एक त्याच गठ्ठ्यातला न धुतलेला. नुसता गेलेला पीस बघून मीही फक्त अंदाजच सांगतो, आणि तो अंदाज एकदा एक्सएलवाल्यांच्या पोटांवर घसरला होता.